मुकं पाणी

माझा नवरा एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होता आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. शाळेचं भलं झालं असेल, माझं काही झालं नाही. पूर्वी पाच वर्गांत वाटून जायचं ते सगळं बोलणं आता एकटीच्या माझ्या वाट्याला येतं. सकाळी कॉफीला उकळी फुटायच्या आत कॉफी कोणत्या शतकात कुठून कुठे गेली, ते मला कळलेलं असतं. नाव त्याचं थ्रासीवूलोस, पण एवढं नाव उच्चारून होईपर्यंत त्याचं पुढचं वाक्य सुरू होतं, म्हणून सगळे वूलिसच म्हणतात. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त समोरचा काही चुकीचं बोलला, तर ते तसंच सोडून देणं त्याला जमत नाही. मग समोर कोणीही असो, इन्स्पेक्टर असो की बिशप.

अशा माणसावर गारुफालिया आत्यानं मुकं पाणी आणायची वेळ आणली.

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, पेत्रोमिलिया गावात एकटी राहते. त्या सगळ्या डोंगरपट्ट्यात दृष्ट काढणारी ती एकटीच उरली होती. ताटलीत पाणी, पाण्यात तेलाचे थेंब (विरले तर दृष्ट आहे, तरंगले तर उतरली), ओठांतल्या ओठांत पुटपुटलेले शब्द, आणि मग जांभया. दृष्ट जितकी जड, तितकी आत्याची जांभई लांब. आमची दोन्ही मुलं तिनं फोनवरून वाढवली म्हटलं तरी चालेल. पोर रडून रडून काळंनिळं झालं की मी अथेन्सहून फोन लावायची. आत्या पोराचं नाव विचारायची. नाव तिला पाठ असायचं, तरी विचारायची, कारण तशी रीत आहे. मग पलीकडून पुटपुट ऐकू यायची, मग एक दणदणीत जांभई, आणि पोर झोपायचं. डॉक्टरलाही फोन केलेला असायचा. ते मी आत्याला कधी सांगितलं नाही आणि आत्याचं डॉक्टरला सांगितलं नाही.

ईस्टर उलटून दोन आठवडे झाले आणि आत्याचाच फोन आला.

"सूनबाई, माझ्या डोक्याची चाळणी झालीय," ती म्हणाली. "परवा देवळात गेले आणि घरी यायचा रस्ता पाद्र्याला विचारला. सोमवारी पोरगी न्यायला येतेय, पात्रा शहरात, तिच्या फ्लॅटवर. तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय लक्षात ठेवणार? त्याच्या आत शब्द घेऊन जा कुणीतरी."

"मी येते ना, आत्या."

"तू येऊन काय करणार? तू बाई."

ते बरोबरच होतं. हे शब्द बाईनं पुरुषाला द्यायचे असतात आणि पुरुषानं बाईला. बाईनं बाईला दिले तर त्यांत जीव राहत नाही, नुसती बडबड उरते. आत्याला तिच्या मामानं दिले होते. आत्याला मुलगा नाही, जावई आहे तो दंतवैद्य आहे आणि दृष्ट म्हटलं की हसतो. उरला भाचा, तो एकच.

भाचाही हसतोच. वूलिसनं मला दृष्टीच्या समजुतीचा सगळा इतिहास सांगितला, नाईल नदीपासून सुरुवात करून. मी चाळीस मिनिटं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विश्वास ठेवायला कुणी सांगितलंय तुला? पाठ करायला सांगितलंय." पाठ करायचं म्हटल्यावर तो जरा विरघळला. पाठांतरात शाळेत त्याचा पहिला नंबर होता, हे तो अजून सांगतो.

माझा स्वतःचा विश्वास आहे का, हे मला विचारू नका. सप्टेंबरात मला नात व्हायची होती. ती रडायला लागल्यावर फोन कुणाला लावायचा, एवढा साधा माझा प्रश्न होता. वूलिसनं ते शब्द घेतले की तो मला देऊ शकणार होता, पुरुषानं बाईला. आणि सोमवारच्या आत घेतले नाहीत, तर ते पात्राच्या तिसऱ्या मजल्यावर संपणार होते.

मी तारीख ठरवली, शनिवार. तेव्हा आत्यानं अट घातली. पाणी नळाचं चालणार नाही, पालिओकास्त्रोच्या झऱ्याचं पाहिजे. मातीच्या सुरईत पाहिजे. जो शब्द घेणार त्यानंच आणायला पाहिजे. आणि मुकं पाहिजे.

मुकं म्हणजे झऱ्यावर सुरई भरल्यापासून ती आत्याच्या हातात देईपर्यंत आणणाऱ्यानं एक अक्षर बोलायचं नाही. बोलला की ते साधं पाणी, भाजी धुवायला वापरा. पालिओकास्त्रोपासून गाव दीड तासावर आहे. मी फोन ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं. तो शेजाऱ्याला लिंबाच्या झाडाबद्दल काहीतरी समजावत होता. नातीला डॉक्टर पुरेल बहुतेक, असं मी मनाशी म्हटलं.

शनिवारी सकाळी आम्ही प्रेषित इलियासच्या छोट्या देवळापाशी गाडी लावली आणि चढायला लागलो. पालिओकास्त्रो म्हणजे जुना गड. गावकऱ्यांच्या लेखी डोंगरावरचे सगळे दगड मिळून एकच गड. वूलिसच्या लेखी ते दोन वेशी, एक बाजारपेठ, एक सभागृह, एक अर्धं देऊळ आणि बाराशे माणसांचं थिएटर असलेलं शहर आहे, आणि त्यातल्या प्रत्येक दगडाशी त्याचं लहानपणापासून बोलणं आहे. वेशीपाशी त्यानं मला बिजागरीची खाच दाखवली. ती मी लग्नाच्या वर्षीही पाहिली होती.

"ही खाच बघितलीस?"

"बघितली."

"नाही, पण नीट बघितलीस का? दार आत उघडायचं. म्हणजे काय?"

"म्हणजे पाहुणे आले की मागे सरकायला लागायचं."

"म्हणजे शत्रूला बाहेरून..." तो थांबला. "तू ऐकतच नाहीस."

"ऐकते. तासाभरानं बंद होणारे ना, म्हणून साठवून ठेवतेय."

झरा थिएटरच्या खालच्या अंगाला आहे, एका जुन्या चिनाराच्या मुळाशी. पाणी दगडी पन्हाळीतून पडतं. पिशवीतून मी सुरई काढली. ती मी लोकरीच्या स्वेटरात गुंडाळून आणली होती.

"आता काय बोलायचं ते बोलून घे," मी म्हणाले.

तो विचारात पडला. "काही विशेष नाही," म्हणाला आणि मग पन्हाळीचा दगड कोणत्या खाणीतला, यावर सहा-सात मिनिटं बोलला. शेवटी स्वतःच म्हणाला, "बास." सुरई धरली. पाणी भरताना ओठ आवळून असा काही उभा राहिला की जणू दाढ काढून घ्यायला आलाय.

आणि शांत झालं. मला मधमाश्या ऐकू आल्या. दूर कुठेतरी शेळ्यांच्या घंटा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण या डोंगरावर शेळ्या आहेत हे मला माहीतच नव्हतं.

गावाची वाट थिएटरच्या वरच्या ओळीजवळून जाते. तिथे एक तरुण जोडपं बसलं होतं, अथेन्सचं असावं, कारण पायात पांढरे बूट होते. मुलगी फोन समोर धरून बोलत होती, "आणि मित्रांनो, इथे, अगदी इथे, माणसांना सिंहांपुढे टाकायचे."

वूलिस थांबला. मी त्याची बाही ओढली. त्यानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं काही पडेना.

"सिंह नव्हते," तो म्हणाला. "बाळ, हे थिएटर आहे. इथे नाटकं व्हायची. सिंहांचा संबंधच नाही, सिंह आणायचे ते आखाड्यात, आणि तेही चारशे वर्षांनी, आणि इथे तर कधीच..."

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"दोनच शब्द," तो म्हणाला.

"चांगले दोन डझन होते."

"पण ती सिंह म्हणाली, इव्हान्थिया."

"म्हणू दे की. सिंहांची काही तक्रार नव्हती."

मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही परत सांगता का? मी रेकॉर्ड करते." तिला वाटलं तिचं नशीब फळफळलं. मी वूलिसच्या हातातून सुरई घेऊन पाणी गवतात ओतलं आणि आम्ही उतरून पुन्हा झऱ्यावर गेलो. ते जोडपंही मागून आलं. वूलिसनं त्यांना पाऊण तास थिएटर समजावून सांगितलं, अगदी पोटभर, आणि मी ते सांगू दिलं. भांडं पूर्ण रिकामं झालेलं बरं, असा माझा हिशोब. ते गेल्यावर त्यानं पुन्हा सुरई भरली. या वेळी मी त्याच्या तोंडात बार्लीचा कडक पाव कोंबला. आमच्याकडचा हा पाव पाण्यात भिजवूनच खातात, कोरडा खायला घेतला तर दुपार जाते.

गावाकडे उतरायला लागलो. तो पुढे, सुरई दोन्ही हातांत धरून, गाल फुगलेला. मी मागे. पहिली दहा मिनिटं मी नुसती चालले. मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला आता उलट उत्तर देऊ शकत नाही. अशी संधी बायकांना किती मिळते?

"वूलिस," मी म्हणाले, "गाडीचं डावं दार मी खांबाला घासलं होतं. पाद्र्यानं नाही. तू त्या बिचाऱ्याशी वर्षभर बोलला नाहीस."

तो गर्रकन वळला. डोळे बटाट्याएवढे.

"पाणी हलतंय," मी म्हणाले. "आणि तुझ्या त्या लेखाची कात्रणं उंदरांनी नेली नाहीत. माळा आवरताना मी रद्दीत दिली. दोन्ही गठ्ठे. चाल पुढे."

तो चालू लागला. त्याच्या मानेवरून मला कळत होतं की आत केवढी मोठी सभा भरली आहे. मी त्याच्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल जे वाटतं ते सांगितलं. त्याच्या आईच्या वांग्याच्या भाजीबद्दल सांगितलं, देव तिच्या आत्म्याला शांती देवो. मग सांगण्यासारखं काही उरेना. वाट पिवळ्या झुडपांतून जात होती, ऊन अंगावर येत होतं, आणि मला अचानक वाईट वाटलं.

"अजून एक," मी म्हणाले. "तू रिटायर झाल्यापासून मी तुझं ऐकतच नाही. हो हो म्हणते, पण ऐकत नाही. तुला ते कळतं आणि तू तरी बोलतोस. गप्प बसलास तर घर खायला उठेल, म्हणून बोलतोस. हे मला केव्हाचं कळलंय आणि मी काहीच केलं नाही."

त्यानं सुरई एका हातात घेतली. दुसरा हात मागे केला. मी तो धरला, आणि तसेच, एकामागे एक, बैलांना दोरीनं बांधावं तसे आम्ही खाली उतरलो. पाव त्यानं अजून चावून संपवला नव्हता.

गावात शिरायचं तर सारांतोसच्या कॉफीच्या दुकानावरूनच जावं लागतं. दुसरा रस्ता नाही, आणि असता तरी सारांतोसनं तो बंद करून घेतला असता. तो वूलिसचा शाळेतला बाकसोबती. वूलिस शहरात जाऊन मास्तर झाला, सारांतोस इथेच राहिला. आणि गेली चाळीस वर्षं दोघं भेटले की वाद घालतात. दुकानाबाहेर चौघे म्हातारे खुर्च्या पसरून बसले होते, अर्धा रस्ता अडवून.

"या, मास्तर," सारांतोस म्हणाला. "काय घेणार?"

वूलिसनं मान हलवली.

"काय रे, आवाज बसला? सूनबाई, तोंडात मारलंस की काय याच्या?"

एकतीस वर्षं मी या गावची सून आहे, आणि ऐंशीची झाले तरी सूनच राहणार. "सुरई बघा," मी म्हणाले.

सारांतोसनं सुरई पाहिली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी त्याच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "मुकं पाणी," तो म्हणाला. "अरे, मुकं पाणी आलंय."

चौघेही सरसावून बसले. पूर्वी जूनमध्ये संत योहानच्या सणाला गावातल्या पोरी मुकं पाणी आणायच्या, आणि पोरांचं एकच काम, त्यांना बोलायला लावायचं. वाटेत आडवं पडायचं, बेडूक सोडायचे, काय वाटेल ते. आता गावात पोरी नाहीत, पोरंही नाहीत. हे चौघे तेव्हाची पोरं. चाळीस वर्षं त्यांना कुणी सापडलं नव्हतं, आणि आज सापडला तो वूलिस. त्यांनी आणखी काय मागावं?

"मास्तर," सारांतोस खुर्ची ओढत म्हणाला, "परवा टीव्हीवर सांगितलं, वरचं थिएटर रोमन लोकांनी बांधलंय."

वूलिसच्या कपाळावरची शीर उभी राहिली.

"रोमन नाही रे," दुसरा म्हणाला. "तुर्कांनी. घोडे बांधायला."

"त्या पायऱ्यांवर?"

"लहान घोडे होते."

वूलिसचे कान लाल झाले, मग जांभळे. त्याच्या तोंडातला पाव केव्हाच संपला होता, ते त्याच्या जबड्याकडे पाहून मला कळलं. तो आता निव्वळ दात चावत होता. मी मनातल्या मनात कुमारी मातेला मेणबत्ती बोलले. लहान बोलले होते, मग मोठी बोलले.

"आणि मी ऐकलंय," सारांतोस अगदी गोड आवाजात म्हणाला, "यांचे आजोबा पत्त्यांत लबाडी करायचे. माझे आजोबा मरताना म्हणाले, सारांतोस, त्या घराशी पत्ते खेळू नकोस."

हे धादांत खोटं होतं. लबाडी त्याचेच आजोबा करायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, आणि बोलायला मीच तोंड उघडणार होते. वूलिसच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंड मिटलेलं. त्याला असं उभं असलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचा असा अभिमान वाटला की लग्नाच्या दिवशीही वाटला नसेल.

"दगड झालाय," सारांतोस म्हणाला. हरल्याची कबुलीच होती ती. "कुणासाठी एवढं?"

"गारुफालिया आत्यासाठी," मी म्हणाले. "सोमवारी पात्राला चालल्यात. परत येणं काही खरं नाही. शब्द देणार आहेत याला."

सारांतोसनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग उठला, आत गेला, टीव्ही बंद केला आणि बाहेर येऊन खुर्च्या एकेक करून रस्त्यातून बाजूला घ्यायला लागला. बाकीचे तिघेही उठले. त्यांतल्या प्रत्येकाच्या डोक्यावर आत्यानं कधी ना कधी हात ठेवला होता. सारांतोसच्या धाकट्या भावाला तर डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं होतं, तेव्हा ती तीन दिवस त्याच्या पाळण्यापाशी बसली होती. आम्ही त्यांच्यामधून गेलो. दुकान मागे पडेपर्यंत एकही खुर्ची वाजली नाही.

आत्या दारातच उभी होती, काळा रुमाल नीट बांधून. वूलिसनं सुरई तिच्या हातात दिली.

"बोललास?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"एकदा बोलला," मी म्हणाले. "ते ओतून टाकलं. हे दुसऱ्यांदा आणलेलं."

"कशावर बोललास?"

"सिंहांवर," वूलिस म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

"मग बरोबर आहे," आत्या म्हणाली आणि आम्हाला आत घेतलं.

आधी चमच्यानं आंबटगोड चेरीचा मुरंबा, वर थंड पाणी. ते खाल्ल्याशिवाय तिच्या घरात कुणी मरायलाही टेकत नाही. सामान बांधून झालेलं होतं, दोन पेट्या आणि एक शिवणयंत्र. मग तिनं मला अंगणात पिटाळलं. "बाईचं काम नाही."

मी अंजिराच्या झाडाखाली बसले. खिडकी उघडी होती. शब्द काय होते ते मी इथे लिहिणार नाही, कारण हे बायकाही वाचतील. आत्यानं सुरुवात केली. चार ओळी गेल्या आणि ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा त्याच जागी थांबली. "थांब हं, येतंय," ती म्हणाली. तिसऱ्यांदा तर आधीच थांबली. मग कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला.

वूलिस बाहेर आला. माझ्याशेजारी बसला.

"मधलं गेलं," तो म्हणाला. "सुरुवात येते, शेवट येतो. मधल्या दोन ओळी नाहीत. ती कपाटात शोधतेय. मला म्हणाली, इथेच चादरींखाली ठेवल्या होत्या."

एवढंच बोलला, पुढे काही नाही.

त्या दोन ओळी मला येत होत्या. गेली दोन-तीन वर्षं आत्याला ऐकू कमी यायला लागलं होतं, आणि बहिरी माणसं पुटपुटतात तेही ओरडून. मुलं मोठी झाली तरी त्यांच्यासाठी मी फोन लावायचीच, आणि फोनवर सगळं लख्ख ऐकू यायचं. मी रिसीव्हर लांब धरायची, रीत मोडू नये म्हणून, पण कान काय लांब धरता येतात? मी ते शब्द कधी उच्चारले नव्हते. आत्याला जाऊन सांगणं शक्य नव्हतं. बाईनं बाईला नाही.

"कान इकडे कर," मी वूलिसला म्हणाले.

"काय?"

"बाईनं पुरुषाला द्यायचे ना? मी बाईच आहे. कर इकडे."

मी सांगितलं. त्यानं एकदा ऐकलं, ओठ हलवून दुसऱ्यांदा म्हटलं. "हा जो दुसरा शब्द आहे ना," तो म्हणाला, "हा खरं म्हणजे फार जुना, अगदी..." आणि स्वतःच थांबला.

"आल्यावर सांग," मी म्हणाले. "ऐकेन. खरंच ऐकेन."

तो आत गेला. मी दारापर्यंत गेले, आत पाऊल टाकलं नाही. आत्या जमिनीवर बसली होती, भोवती चादरी, टेबलक्लॉथ, नवऱ्याचे इस्त्रीचे शर्ट. तो जाऊन बावीस वर्षं झाली.

"सापडल्या का रे?" तिनं विचारलं.

"सापडल्या, आत्या."

"कुठे होत्या?"

"घरातच होत्या," वूलिस म्हणाला. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं, खुर्चीत बसवलं. टेबलावर ताटली ठेवली, सुरईतलं पाणी ओतलं. तेलाची बाटली जवळ ओढली. "बस नीट. तुझी काढतो."

"माझी?" आत्या हसली. "माझी कोण काढतं, वेड्या? माझी काढायला मामानंतर कुणी राहिलंय का? मामा गेला तेव्हा मी सव्वीसची होते."

मी मनात हिशोब केला आणि दाराची चौकट धरली. बासष्ट वर्षं. बासष्ट वर्षं ही बाई सबंध डोंगराच्या दृष्टी काढत होती, आमच्या पोरांच्या, सारांतोसच्या घराच्या, ऑस्ट्रेलियात गेलेल्यांच्या आणि त्यांच्या नातवंडांच्या. तिला डोकेदुखी झाली असेल तेव्हा ती काय करत होती, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि मी तर आठवड्याला फोन करायची.

वूलिसनं बोट तेलात बुडवलं. क्रूसाची खूण केली, जरा उलटीसुलटी, कारण त्यानं ती लग्नानंतर केली नव्हती. "नाव?" त्यानं विचारलं.

"गारुफालिया," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

पहिला थेंब पडला आणि पाण्यावर पसरून नाहीसा झाला. दुसराही. वूलिसचे ओठ हलत होते, आवाज अजिबात नव्हता. तिसऱ्या थेंबाला त्यानं जांभई दिली. असली जांभई मी कधी पाहिली नव्हती. जबडा कानापर्यंत गेला, डोळ्यांतून पाणी वाहिलं. मग आणखी एक, मग आणखी एक. पुढे घरी आल्यावर तो म्हणाला की आपण पहाटे पाचला उठलो होतो, त्यात नवल काय. मी बरं म्हणाले. त्या वेळी मात्र तो खुर्चीचा हात धरून उभा होता आणि थांबवता येत नाहीत म्हणून घाबरलेला दिसत होता.

चौथा थेंब पाण्यावर तसाच राहिला, गोल, पिवळा.

आत्यानं डोळे उघडले. खांदे खाली आले, मान एका बाजूला वळवून पाहिली, दुसऱ्या बाजूला वळवून पाहिली. "हलकं झालं," ती म्हणाली. "अगदी हलकं झालं बघ." मग तिनं वूलिसकडे निरखून पाहिलं. लांबून आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसा तिचा आवाज मऊ झाला.

"शब्द चांगले आहेत तुझे," ती म्हणाली. "तुला कुणी दिले?"

वूलिसनं तोंड उघडलं. मला भीती वाटली, आता हा खरं काय ते समजावून सांगणार, पहिल्यापासून, तारखांसकट.

"माझ्या आत्यानं," तो म्हणाला.

"आहे का ती?"

"आहे."

"मग भेटलास की सांग तिला," आत्या म्हणाली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. "पूर्ण दिलेत म्हणावं. काही राहिलं नाही."

"सांगतो," वूलिस म्हणाला.